विहिरीवरची शीळ

आमच्या सोसायटीच्या विहिरीवर पदू पंप चालवतो. आता नगरपालिकेचे नळ आलेत, तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरीवाचून आमचं पान हलत नाही, त्यामुळे पदूची नोकरी शाबूत आहे. अंगानं काटक, कानावर नेहमी विडी, आणि बोलायचं झालं तर आधी पंपाकडे बघून मग माणसाकडे. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, हा इथलाच, कायमचा. त्यांना माहीत नाही की आम्ही याला एकदा हाकलून दिलं होतं, आणि तेही चांगली मीटिंग घेऊन, हात वर करून.

ही १९८६ सालची गोष्ट. बदलापूर गावाच्या पुढे, बारवीच्या रस्त्याला आमच्या दोन इमारती तेव्हा नव्यानं उभ्या राहिल्या होत्या. आम्ही सगळे गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून आलेले. दोन खोल्या आणि एक गॅलरी म्हणजे आम्हाला राजवाडाच. मी तर लग्न होऊन थेट इथंच आले. मागे नाला, नाल्यापलीकडे रान, रानामागे डोंगर. बिल्डरनं ज्याचं शेत विकत घेतलं त्या शेतकऱ्याची जुनी दगडी विहीर इमारतीच्या मागच्या अंगाला, नाल्याला लागून होती. तीच आमची आई.

रात्रीचा वॉचमन होता सुकऱ्या. डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी आहे, तिथला. माणूस मितभाषी, पण बोलेल ते पाळणारा. पंपासाठी माणूस हवा होता तेव्हा त्यानंच पदूला आणलं. सेक्रेटरींसमोर उभं करून म्हणाला, "माझ्या शब्दावर ठेवा. मान्सात बसवन्याजोगा हाय." पदूचं लग्न सुकऱ्याच्या मुलीशी, ठमीशी ठरलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे सुकऱ्यानं जावयासाठी शब्द टाकला होता.

आमचे सेक्रेटरी श्यामकांत. अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर, इस्त्रीची पॅंट, बोलण्यात "नियमाप्रमाणे" हा शब्द तीन वाक्यांत दोनदा. माणूस वाईट नव्हता. स्वतःच्या घरचा नळ गळला तरी सोसायटीच्या प्लंबरला बोलवायचा नाही, इतका सरळ. पण सरळ माणसाचं एक असतं, त्याला एकदा वाटलं की वाटलं. त्यांच्या पत्नी कुंदाताई मऊ आणि हसऱ्या. मुलगी वृंदा कॉलेजात. ती पहाटे उठून मागच्या गॅलरीत अभ्यासाला बसायची, कारण घरात आजोबांचा खोकला.

त्या वर्षी पाऊस तोंडावर आला आणि पहाटेची शीळ सुरू झाली.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंथरुणातच उठून बसले. कुणीतरी माणूस, घाई नसलेला, हात खिशात घालून चालला आहे आणि मनातलं काहीतरी शीळ घालत गुणगुणतो आहे, अशी ती शीळ. सूर वर जायचा, मध्येच विसरल्यासारखा थांबायचा, मग दुसरीकडूनच उचलायचा. गाणं पूर्ण कधी व्हायचं नाही. मला फार आवडली. माहेर सोडून आल्यापासून पहाट मला खायला उठायची, ती त्या शिळेनं सुसह्य झाली, हे मी उगाच लपवत नाही.

पण बिऱ्हाडं वेगळी, कान वेगळे. तळमजल्यावरच्या पद्मजाबाईंनी पाण्याच्या रांगेत विषय काढला. "अहो, रोज पहाटे! आणि सूर काय, अगदी पिक्चरचा." कुठल्या पिक्चरचा यावर मतभेद झाले. प्रत्येकीला आपल्या तरुणपणातलं गाणं ऐकू आलं होतं. एवढं मात्र सर्वानुमते ठरलं की शीळ विहिरीकडून येते, आणि विहिरीवर त्या वेळी एकच माणूस असतो. मग पुढचं अनुमान निघायला काय वेळ लागतो? विहिरीच्या बरोबर वर कुणाची गॅलरी आहे? श्यामकांतांची. गॅलरीत कोण बसतं? वृंदा.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण ही टाळी एका मुलीच्या नावावर वाजत होती, म्हणून ती श्यामकांतांच्या कानापर्यंत पोचायला गणपती उजाडले. पोचली तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी पहाटे बॅटरी घेऊन, चपला हातात धरून, भिंतीच्या कडेकडेनं विहिरीवर गेले. पुढचं त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मला पाठ आहे. शीळ ऐकू येत होती. ते पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यावर आले आणि बॅटरी मारली. पदू विहिरीच्या कठड्यावर वाकला होता. ओठांचा चंबू केलेला.

"तू शीळ घालतोस?"

पदू दचकला. पण खोटं बोलणं त्याला सुचत नाही, आजही नाही. म्हणाला, "घालतो, सायब."

"रोज?"

"रोज. पन मी मागनं. आदी तो घालतो."

"तो कोण?"

"पाखरू. हितं हिरीत बसतं, त्या देवळीत."

श्यामकांतांनी विहिरीत बॅटरी फिरवली. पाणी, शेवाळ, दगड. पाखरू काही दिसलं नाही. एवढी बॅटरी चमकल्यावर कुठलं पाखरू थांबणार?

"पिक्चरची गाणी म्हणणारं पाखरू," श्यामकांत म्हणाले. "चोराच्या उलट्या बोंबा."

गणपतीच्या रिकाम्या झालेल्या मंडपात मीटिंग झाली. पदूला बोलावलं. त्यानं तेच सांगितलं, आधी पाखरू, मागून मी. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "अरे, मग पाखरू काय तुला गुरुदक्षिणा मागतं का?" आणखी हशा. पदूही थोडा हसला, कारण सगळे हसत होते. ते हसणं आणखी अंगाशी आलं. "बघा, निर्लज्ज!" आमचे हे म्हणाले, एक महिना बघू या. श्यामकांत म्हणाले, महिनाभरानं हाच माणूस गॅलरी चढेल. हात वर झाले. नवरात्राच्या आधी पदूला काढलं.

आणि शीळ थांबली.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही, दिवाळीत नाही. पद्मजाबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाल्या, "हातच्या कांकणाला आरसा कशाला?" खरं म्हणजे ती शीळ त्याआधीच विरळ झाली होती. पाऊस सरत आला तसं कधी एक-दोन सूर, कधी तेही नाहीत. पण विरळ होणारी गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही, बंद झालेली राहते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, आणि आम्ही सगळे कावळ्याचं वजन करत बसलो.

ज्या दिवशी पदूला काढलं त्याच संध्याकाळी सुकऱ्या श्यामकांतांच्या दारात आला. काठी, शिट्टी आणि सोसायटीचा खाकी कोट उंबऱ्याशी ठेवला. "मी आनलेला मानूस," एवढंच म्हणाला, आणि गेला. श्यामकांतांना वाटलं, लाजून गेला. तो मनात कुठली आग घेऊन गेला हे मला पुढे ठमीकडूनच कळलं. नंतरच्या वर्षांत ती पावसाळ्यात शेवळं, टाकळा, भारंगी घेऊन आमच्याकडे यायची, आणि भाजी निवडता निवडता जेवढं सांगायची तेवढंच सांगायची.

सुकऱ्याला पाखरू नवं नव्हतं. वाडीतलं शेंबडं पोरही ते ओळखतं. काळसर, साळुंकीपेक्षा जरासं थोराड, ऊन पडलं की कपाळ आणि खांदे निळे चमकतात. शेपूट पंख्यासारखी उघडतं आणि मिटतं. ओढ्याच्या खडकावर खेकडा आपटून आपटून फोडतं. पाऊस यायच्या सुमाराला बोलू लागतं, ओढ्याजवळच्या कपारीत, नाहीतर एखाद्या विहिरीच्या भिंतीत मुळ्या आणि शेवाळ लिंपून घर करतं, वर्षानुवर्षं त्याच जागी. पिल्लं उडाली, पाऊस गेला की मुकं. मग हिवाळाभर ते समोरून गेलं तरी ओळखू येत नाही. मला त्याचं पुस्तकी नाव नंतर समजलं, शीळकरी कस्तूर. वाडीत त्याला नावच नाही, शीळ घालणारं पाखरू एवढंच.

तेव्हा पाखरू बोलत होतं यात सुकऱ्याला शंका नव्हती. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्यानं पदूला अंगणात उभं करून विचारलं, "पाखरू घालतं, ठाव हाय मला. पन तू कशापायी घातलीस? वर पोरगी बसते, खाली तू शीळ घालतोस. कुनासाटी?"

पदूनं मान खाली घातली. तो काही बोलला नाही.

त्या न बोलण्यानं सगळं बिघडलं. बाहेरच्यांनी आळ घेतला तर वाडी पाठीशी उभी राहते. पण ज्याला पोर द्यायची तोच गप्प राहिला, तर बापानं काय समजायचं? वैशाखात ठरलेलं लग्न सुकऱ्यानं मोडलं नाही, पण टांगून ठेवलं. म्हणाला, "तू तिथं नसताना पाखरू तसंच बोललं, आन् त्यो सायब सोताच्या तोंडानं म्हनला की शीळ तुझी नव्हती, तर लगीन. नायतर नाय." एवढी मोठी अट त्यानं घातली आणि पाखरू तर पुढच्या पावसापर्यंत बोलणार नव्हतं. त्यात वांगणीकडच्या एका घरातून ठमीला मागणी आली. सुकऱ्यानं त्यांना सांगितलं, लगनसरा संपेपर्यंत थांबा. ते लोक पाहायला आले त्या दिवशी ठमी सकाळीच सरपणाला रानात गेली आणि अंधार पडल्यावर उगवली.

इकडे आमच्याकडेही एक शिक्षा चालू होती, तिची कुणी मीटिंग घेतली नव्हती. श्यामकांतांनी मागच्या गॅलरीच्या दाराला कुलूप लावलं. वृंदा स्वयंपाकघरात, ओट्याखालच्या पाटावर बसून अभ्यास करू लागली. शीळ थांबली तरी कुलूप निघालं नाही. मी एकदा कुंदाताईंना म्हटलं, आता कशाला? त्या म्हणाल्या, "ह्यांच्या मनातलं अजून गेलेलं नाही." कुलपाची किल्ली नवऱ्याच्या खिशात आणि बोच बायकोच्या पोटात.

मार्चअखेरीला विहीर तळाला गेली. गाळ काढायचा आणि आतून सिमेंटनं गिलावा करून घ्यायचा ठराव झाला. ठेकेदारानं मजूर आणले ते वाडीवरचेच, आणि त्यांत पदू होता. मला त्याचं आश्चर्य वाटलं. ज्या दारातून हाकललं त्याच दारात हा घमेलं घेऊन? पण त्याला कळलं होतं की विहिरीला गिलावा होणार आहे, आणि त्याचा सगळा जीव त्या भिंतीतल्या एका भोकात होता.

ते भोक म्हणजे देवळी. जुन्या विहिरी बांधताना आमच्याकडे साती आसरांसाठी भिंतीत एक कोनाडा सोडतात. पाण्याच्या देवता, त्यांना बसायला जागा हवी. विहीर उपसली की तिथं हळदकुंकू वाहायचं, दिवा लावायचा. शेत गेलं, शेतकरी गेला, देवळी तशीच राहिली, आणि आसरांच्या जागी ते पाखरू बिऱ्हाड करून राहिलं. आसरांनी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही.

गवंडी देवळी भरून भिंत एकसारखी करायला निघाला. "इसको भी बंद कर देते है, साब, एकदम प्लेन." श्यामकांत वरून म्हणाले, "करा." तेव्हा खाली चिखलात उभा असलेला पदू पहिल्यांदा बोलला.

"ती बुजवू नका. आसरांची हाय."

"आता तू आम्हाला देवही शिकवणार?"

पदूनं गवंड्याच्या शिडीवर चढून देवळीत हात घातला आणि आतून एक वाटीएवढं काहीतरी अलगद उचललं. बारीक मुळ्यांचं, सुकलेल्या शेवाळाचं. "ह्ये त्याचं घर, सायब. पाखराचं."

श्यामकांतांनी वाकून ते पाहिलं. मग म्हणाले, "घरटं चिमणीचंही असतं. घरटं म्हणजे पुरावा नव्हे." बोलणं बरोबर होतं, त्यामुळेच त्याचा राग येत होता.

इतक्यात कुंदाताई पुढे झाल्या. एरवी नवऱ्याच्या शब्दापुढे न जाणारी बाई कठड्याशी येऊन, गवंड्याला सरळ म्हणाली, "देवळी राहू द्या. आम्ही त्या विहिरीचं पाणी पितो." आणि घरातून हळदकुंकवाची कोयरी आणून पदूच्या हातात सोडली. देवधर्माच्या बाबतीत नियमाप्रमाणे काय असतं हे श्यामकांतांना ठाऊक नसावं, ते मागे सरले. पदूनं घरटं होतं तसं परत ठेवलं आणि देवळीच्या कडेला कुंकू लावलं. त्याच्या मनात तेव्हा आसरा होत्या की पाखरू, असं मी ठमीला एकदा विचारलं. ती म्हणाली, "दोगंबी. एकाच घरात ऱ्हातात ना."

मग वैशाख गेला. ज्येष्ठ लागला. वाडीत एकेक लग्न उरकलं, हळदीची गाणी झाली, आणि सुकऱ्याच्या अंगणात मांडव पडला नाही. आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. आमच्या पंपावर आता हिरामण नावाचे म्हातारे होते, तोंडात एक दात नाही आणि मिश्रीवाचून एक मिनिट नाही. पदू रोज सकाळी नाल्याच्या पलीकडच्या अंगाला येऊन उभा राहायचा. मी गॅलरीतून बघायची. विहिरीपर्यंत येण्याची त्याला बंदी होती, म्हणून तो पलीकडूनच कान देऊन थांबायचा आणि उन्हं वर आली की परत जायचा.

एका पहाटे पदू यायच्याही आधी, अजून नीट फटफटलंही नव्हतं, आणि शीळ सुरू झाली.

तीच. हात खिशात घालून चाललेली, विसरलेली, दुसरीकडूनच उचललेली. मी गॅलरीत धावले. एकेक दिवा लागला, एकेक दार उघडलं. आणि जिन्यावरून श्यामकांतांच्या पावलांचा आवाज आला. त्यांच्या हातात सुकऱ्यानं ठेवलेली तीच काठी होती.

"आलास का परत!" असं ओरडत ते पंपाच्या खोलीमागे गेले आणि त्यांनी बॅटरी मारली ती थेट हिरामणांच्या तोंडावर. म्हाताऱ्यानं बोट मिश्रीत घातलेलं, तोंड काळं, गालफडं आत. बिचारे इतके घाबरले की त्यांच्या हातातला पितळी तांब्या घरंगळत विहिरीत पडला. शीळ मात्र थांबली नाही. उलट आणखी वर चढली.

बिनदाताच्या माणसाला शीळ घालता येत नाही, हे समजायला ऑफिसर असावं लागत नाही. श्यामकांतांनी बॅटरी हळूहळू वर नेली. पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर ते बसलं होतं. आता उजाडायला लागलं होतं, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच दिसलं. काळं, एवढंसं, छाती फुगवून, शेपटीचा पंखा उघडमीट करत. चोच उघडायचं आणि तोच सूर यायचा, माणसाचा. बॅटरीच्या उजेडाला त्यानं जुमानलं नाही. आपलं म्हणून झाल्यावर खाली विहिरीत उतरलं, देवळीत शिरलं.

पद्मजाबाई हळूच आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

श्यामकांत वर आले ते खुर्चीवर बसूनच राहिले. मी साखर मागायच्या निमित्तानं गेले होते. निमित्तच ते, मला बघायचं होतं. कुंदाताईंनी नवऱ्याच्या खिशातून किल्ली काढली, सरळ जाऊन गॅलरीचं कुलूप काढलं आणि वृंदाला म्हणाल्या, "जा, बस तुझ्या जागी." मग पदर खोचून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"वाडीवर कधी जायचं?"

"मी चिठ्ठी पाठवतो. कामावर परत घेतल्याची."

"काढताना चिठ्ठी पाठवली होती? सगळ्यांसमोर काढलंत. सगळ्यांसमोरच सांगा."

"कुंदा, मी सेक्रेटरी आहे."

"म्हणूनच. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. ही येईल माझ्याबरोबर." ही म्हणजे मी. साखर हातातच राहिली.

शेवटी तिघंही गेलो. नाला ओलांडताना पदू तिथंच उभा होता. त्यानं शीळ ऐकली होती, त्याचा चेहराच सांगत होता. तो वळला आणि आमच्यापुढे चालू लागला. आम्ही त्याच्या मागे. पायवाट चढणीची, श्यामकांतांना दम लागला, त्यांनी बूट काढून हातात घेतले. अर्ध्या वाटेत ते मला म्हणाले, "माणूस खोटं बोलत नव्हता हो." बोलायचं ते त्यांनी वर जाऊन बोलायचं होतं.

सुकऱ्याचं अंगण शेणानं सारवलेलं. आम्हाला घोंगडी अंथरली. बघता बघता वाडी जमली. बायका कुडाच्या आडून, पोरं झाडावर. ठमी दारात जात्याला टेकून बसली होती, मी तिला तेव्हा प्रथम पाहिलं. श्यामकांत बसले नाहीत. उभे राहून म्हणाले, "शीळ पाखराची होती. आज आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पदूवर आम्ही आळ घेतला तो चुकीचा होता. मी चुकलो." 'आम्ही'वरून 'मी'वर आले, ते मला बरं वाटलं.

सुकऱ्यानं मान डोलावली. पण तो हलला नाही. "पाखरू घालतं, ठाव हाय," तो पुन्हा म्हणाला. "पन ह्योबी घालत व्हता. सोता कबूल केलंय. कुनासाटी घालत व्हता, त्याचं उत्तर अजून मिळालं नाय मला."

पदूनं पुन्हा मान खाली घातली. तो कुणाकडेही बघत नव्हता. मला वाटलं, संपलं. सगळं इतकं जुळून आलं आणि हा माणूस आता गप्प राहून हातचं घालवणार.

तेवढ्यात जात्याजवळून आवाज आला.

"माझ्यासाटी."

ठमी उठून उभी राहिली होती. कान लाल झालेले, पण आवाज खणखणीत. "मागल्या साली कारवी तोडाया गेलो व्हतो तवा ह्यानं मला शीळ घातली. मी हसले त्याला. म्हनले, ही काय शीळ हाय? त्या पाखराकडनं शिकून ये, मग घाल. म्हनून ह्यो रोज तिथं शिकत व्हता. मीच म्हनले व्हते." मग तिनं बापाकडे बघितलं. "त्यो सांगत नव्हता, कारन सांगितलं तर मी त्याला रानात भेटले ते कळलं असतं तुमाला."

श्यामकांतांनी विचारलं, "मग तू आधी का नाही बोललीस, पोरी?"

"मला इचारलं कुनी?" ठमी म्हणाली.

सुकऱ्यानं तिच्यावर नजर रोखली. रागावला असावा, पण रागाखाली दुसरंच काहीतरी वर येत होतं. मग तो पदूकडे वळला. "शिकलास का?"

पदू पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरू लागला.

"घालून दाखव."

पदूनं ओठ ओले केले. चंबू केला. डोळे मिटले. आणि त्या काटक माणसाच्या तोंडातून सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघाली. फुस्स. मध्येच एक बारीक, वाकडा सूर, तोही लगेच मेला. त्यानं पुन्हा जोर लावला. पुन्हा फुस्स. झाडावरची पोरं हसून खाली पडायची बाकी होती. ठमीनं तोंडात पदर कोंबला. कुंदाताईही हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मलाही रडू येत होतं. अख्ख्या मंडपभर लोकांनी त्याला नाना प्रश्न विचारले होते, हात वर करून निकाल दिला होता, आणि एकाही शहाण्याला सुचलं नव्हतं की बाबा रे, एकदा घालून तर दाखव.

श्यामकांत हसत नव्हते. ते पदूच्या ओठांकडे बघत होते.

सुकऱ्यानं हसू आवरलं, घसा साफ केला आणि त्यांना विचारलं, "सायब, खरं सांगा. ही शीळ आयकू आली असती का तुमच्या माडीवर?"

"नाही," श्यामकांत म्हणाले.

सुकऱ्या उठला आणि मांडवासाठी आंब्याचे टहाळे आणायला त्यानं पोरांना रानात पिटाळलं.